एका क्रीडा ॲपचा अभिप्राय: सामना दिसतो, मधले दिवस दिसत नाहीत

मी उड्यांची प्रशिक्षक आहे, म्हणजे उंच उडी आणि लांब उडी. हाताखाली मुली जास्त, मुलगे थोडे. सराव संपला की टॅबलेट उघडायचा, मोठ्या स्पर्धांमधल्या उड्या लावायच्या आणि थांबवून थांबवून त्यावर बोलायचं, हा आमच्या शिकण्याचाच भाग आहे. त्यासाठी पॅरिस ऑलिंपिकच्या आधी मी एका मोठ्या क्रीडा ॲपचं वार्षिक सबस्क्रिप्शन घेतलं आणि तेव्हापासून ते रोज वापरते. थेट प्रक्षेपण, हायलाइट्स, बातम्या, आकडेवारी असं सगळं एकाच ठिकाणी. जगातला प्रत्येक खेळ, प्रत्येक खेळाडू आमच्याकडे, असं त्यांच्या जाहिरातीत म्हटलेलं आहे. हा अभिप्राय त्याच वाक्याला धरून लिहिते आहे. नाव मुद्दाम देत नाही, कारण इथे जे दिसतं ते बऱ्याच वाहिन्यांवर आणि वर्तमानपत्रांच्या क्रीडा पानांवरही दिसतं.

आधी चांगलं ते सांगते. थेट प्रक्षेपण उत्तम आहे. चित्र अडकत नाही, मागे नेऊन पुन्हा पाहता येतं, आणि मोठ्या ॲथलेटिक्स स्पर्धांना प्रत्येक मैदानी प्रकाराचं वेगळं प्रक्षेपण, म्हणजे फीड, निवडता येतं. हे किती मोलाचं आहे ते टीव्हीवर उड्या पाहत आलेल्या माणसालाच कळेल. उंच उडीची अंतिम फेरी रंगात आलेली असते, बार चढत असतो, आणि पडद्यावर दहा हजार मीटर शर्यतीची मधलीच कुठलीतरी फेरी चालू. मग कधीतरी ‘थोड्या वेळापूर्वी’ असं म्हणून विजयी उडी तेवढी दाखवायची. (दहा हजार मीटरवाल्यांची तक्रार नेमकी उलटी असते, आणि तीही खरीच आहे.) इथे तसं होत नाही. खेळाडू रन-अपची खूण लावताना दिसते, चुकलेल्या उडीनंतर कठड्यापाशी जाऊन प्रशिक्षकाशी बोलताना दिसते, ती खूण अर्धं पाऊल मागे सरकवताना दिसते. मुलींना दाखवायला मला नेमकं हेच हवं असतं. या एका सोयीपायी मी पैसे भरले आणि ते वसूल झाले.

अडचण होम स्क्रीनपासून सुरू होते. कुठलीही मोठी स्पर्धा नसलेल्या एखाद्या साध्या मंगळवारी ॲप उघडून बघा. पुरुषांच्या फुटबॉलमध्ये कोणाचा स्नायू दुखावला, कोण कुठल्या क्लबकडे जाणार याच्या वावड्या, प्रशिक्षकाची पत्रकार परिषद, आणि त्या परिषदेतल्या एका वाक्यावर दोन माजी खेळाडूंची चर्चा. पुरुषांच्या क्रिकेटमध्ये आठवड्यानं होणाऱ्या सामन्याचा संभाव्य संघ, खेळपट्टी कशी असेल, कोणाला बसवतील. महिलांचा सामना यात येतो तो निकाल लागल्यानंतर. अमुक संघ ३-१ ने विजयी, एक फोटो, चार ओळी. कुस्ती, वेटलिफ्टिंग, तिरंदाजी, हँडबॉल हे खेळ तर पुरुषांचे असोत की महिलांचे, पदक मिळालं तरच वर येतात. ॲथलेटिक्सचं नशीब त्याहून थोडंसंच बरं.

माझं म्हणणं या मधल्या दिवसांबद्दल आहे. खेळाची गोडी नुसता सामना पाहून लागत नाही. आता पुढे काय होईल, ती परत फॉर्मात येईल का, मागच्या वेळी हिने तिला कसं हरवलं होतं, हे दोन सामन्यांच्या मधल्या काळात मनात मुरत जातं आणि मग सामन्याला माणूस आपोआप येऊन बसतो. पुरुषांच्या दोन-तीन खेळांना माध्यमं हे मुरणं रोज, न चुकता पुरवतात. बाकीच्यांना थेट ताटावर बसवतात आणि भूक का नाही म्हणून विचारतात.

हे निव्वळ माझं गाऱ्हाणं नाही. अमेरिकेत काही समाजशास्त्रज्ञ १९८९ पासून, साधारण दर पाच वर्षांनी, टीव्हीवरच्या क्रीडा बातम्या आणि हायलाइट्सचे कार्यक्रम घड्याळ लावून मोजत आले आहेत. १९८९ मध्ये महिलांच्या वाट्याला ५ टक्के वेळ आला होता. २०१९ मध्ये ५.४ टक्के. तेही महिला फुटबॉल विश्वचषकाचं वर्ष. त्या विश्वचषकाच्या बातम्या बाजूला काढल्या तर ३.५ टक्के. तपासलेल्या कार्यक्रमांपैकी ८० टक्क्यांमध्ये महिलांच्या खेळाचा उल्लेखच नव्हता. मधल्या तीस वर्षांत खेळणाऱ्या मुली किती वाढल्या, व्यावसायिक लीग किती उभ्या राहिल्या, आणि बातम्यांमधला वाटा अर्ध्या टक्क्यानंसुद्धा वाढला नाही.

आता माझ्याच खेळातलं उदाहरण, कारण तिथे मला बारकावे दिसतात. ७ जुलै २०२४ ला डायमंड लीग या ॲथलेटिक्सच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धामालिकेत, पॅरिसला, युक्रेनच्या यारोस्लाव्हा महुचिखने २.१० मीटर उडी मारली. बल्गेरियाच्या स्टेफ्का कोस्टाडिनोव्हाचा २.०९ मीटरचा विक्रम १९८७ पासून उभा होता. माझ्यासारख्या कित्येक जणी तो आकडा पाठ करत मोठ्या झाल्या. तो मोडेल असं वाटणंही सोडून दिलं होतं. त्याच दिवशी, त्याच मैदानावर केनियाच्या फेथ किपयेगॉनने १५०० मीटरचा स्वतःचा जागतिक विक्रम मोडला, ३ मिनिटं ४९.०४ सेकंद. एका दुपारी दोन जागतिक विक्रम. मी ॲपमध्ये ॲथलेटिक्स ‘फॉलो’ केलेलं आहे, दोघींनाही नावानिशी फॉलो केलेलं आहे. फोनवर सूचना आल्या त्या पुरुषांच्या फुटबॉलच्या आणि टेनिसच्या. विक्रमांची बातमी मला शोधून काढावी लागली.

महिन्याभरात ऑलिंपिक आलं. ४ ऑगस्टला महिलांच्या उंच उडीची अंतिम फेरी झाली. महुचिख आणि ऑस्ट्रेलियाची निकोला ओलिस्लागर्स, दोघींनीही २.०० मीटर पार केलं. त्यापुढची उंची कोणालाच जमली नाही. अशा वेळी बार कोणी कमी वेळा पाडला हे मोजतात, आणि त्या हिशेबात सुवर्ण महुचिखकडे गेलं. कांस्य तर दोघींना मिळालं, एलिनॉर पॅटरसन आणि इरिना गेराश्चेन्को, दोघींच्याही १.९५ मीटरवर. म्हणजे पहिल्या उंचीवर घडलेली एखादी चूक शेवटी पदकाचा रंग ठरवू शकते. नव्या मुलीला उंच उडी समजावून सांगायला याहून चांगली फेरी शोधून सापडणार नाही.

ॲपने दुसऱ्या दिवशी हायलाइट्समध्ये काय ठेवलं? महुचिख स्लीपिंग बॅगमध्ये पडून आहे, आकाशाकडे बघते आहे. ओलिस्लागर्स वहीत काहीतरी लिहिते आहे. मग विजयी उडी, तीही बारजवळून, म्हणजे रन-अपचं वळण कापलेलं. मग अश्रू, झेंडा. माझ्या एका मुलीने लगेच विचारलं, “ताई, ही धावत कुठून आली?” उंच उडीत सगळा खेळ त्या वळणात असतो. सरळ धावून मग वळणावर शरीर आतल्या बाजूला झुकवायचं, शेवटच्या दोन पावलांत लय वाढवायची, आणि तो झुकाव वर जाण्यासाठी वापरायचा. ते कापलं की उरते ती हवेतली एक सुंदर आकृती. “पूर्ण फीड लावते थांब,” म्हणून मी ते मागे नेऊन शोधलं आणि मग तासभर आम्ही त्यावरच बोललो.

स्लीपिंग बॅग दाखवू नये असं मी म्हणत नाही. दोन उड्यांच्या मध्ये बराच वेळ थांबावं लागतं, त्यात अंग थंड पडू न देणं आणि मन शांत ठेवणं हे कौशल्यच आहे. वहीसुद्धा गमतीसाठी नव्हती. ओलिस्लागर्स आपल्या प्रत्येक उडीला स्वतः गुण देते आणि पुढच्या वेळी काय सुधारायचं ते टिपते. हे एका वाक्यात सांगितलं असतं तरी प्रेक्षकाला त्या दोघींचं डोकं कसं चालतं ते कळलं असतं. ॲपने ते दोघींच्या लाडिक सवयी म्हणून दाखवलं.

सहा दिवसांनी पुरुषांची अंतिम फेरी. न्यूझीलंडचा हॅमिश केर आणि अमेरिकेचा शेल्बी मॅकइवेन २.३६ मीटरवर बरोबरीत राहिले आणि सुवर्णासाठी जंप-ऑफ, म्हणजे बरोबरी फोडायला जादा उड्या, झाला. त्यात बार खाली आणल्यावर केर २.३४ वर जिंकला. या वेळी ॲपने नियम समजावणारी आकृती काढली, प्रत्येक प्रयत्नाचा तक्ता दिला, रन-अपची तुलना दाखवली. जंप-ऑफ दुर्मीळ असतो आणि तो प्रसंग थरारक होता, हे मान्य. पण असा तक्ता त्यांना काढता येतो, तसा लिहिणारा माणूस त्यांच्याकडे आहे, हेही त्या दिवशी कळलं. चार तारखेला तो कुठे होता?

लांब उडीचं तसंच झालं. टारा डेव्हिस-वुडहॉलने ७.१० मीटरवर सुवर्ण जिंकलं आणि जी चित्रफीत सगळीकडे फिरली ती तिने नवऱ्याला मारलेल्या मिठीची. नवरा हंटर वुडहॉल स्वतः धावपटू आहे, दोन्ही पाय गुडघ्याखाली नसताना कृत्रिम पात्यांवर धावतो. पुढच्याच महिन्यात पॅरिसच्याच पॅरालिंपिकमध्ये त्याने ४०० मीटरचं सुवर्ण मिळवलं. त्याच्या शर्यतीनंतरही ॲपवर पहिल्यांदा काय दिसलं? मिठी. मला ते जोडपं फार आवडतं आणि ती मिठी पाहून माझेही डोळे भरून आले होते. पण त्याने शेवटचे शंभर मीटर कसे काढले हे कोणी सांगितलं नाही, आणि तिचं शेवटचं पाऊल उडी घ्यायच्या फळीवर कसं पडलं हेही नाही. बाई असो की अपंग खेळाडू, त्यांचं मन दाखवायला माध्यमांना आवडतं. खेळ दाखवायची वेळ आली की सेकंद कमी पडतात.

आकडेवारीच्या विभागाबद्दल मी सगळ्यात कडक बोलणार आहे, कारण तिथे आवडीनिवडीचा प्रश्नच नाही. ॲपच्या शोधखिडकीत ‘एकदिवसीय क्रिकेटमधलं पहिलं द्विशतक’ असं विचारा. उत्तर येतं सचिन तेंडुलकर, २०१०. सचिनची ती खेळी डोळ्यांत साठवलेल्या पिढीतली मीही आहे. पण ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कने १९९७ च्या विश्वचषकात डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९ धावा केल्या होत्या, बारा वर्षांहून आधी. ‘आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधले सर्वाधिक गोल’ विचारलं की क्रिस्तियानो रोनाल्डो. कॅनडाची क्रिस्टीन सिंक्लेअर १९० गोल करून निवृत्त झाली. तिच्याएवढे गोल कुठल्याही पुरुषाचे नाहीत, कुठल्याही बाईचेही नाहीत. ‘विश्वचषकातले सर्वाधिक गोल’ म्हटलं की जर्मनीचा मिरोस्लाव्ह क्लोझं, १६. ब्राझीलच्या मार्ताचे १७ आहेत. बाईचं नाव हवं असेल तर प्रश्नात ‘महिला’ असा शब्द घालावा लागतो. पुरुषाच्या नावासाठी काहीच घालावं लागत नाही.

२०१६ मध्ये रिओत अँडी मरेने टेनिस एकेरीचं दुसरं सुवर्ण जिंकलं. मुलाखत घेणारा म्हणाला, टेनिसमध्ये दोन ऑलिंपिक सुवर्णं मिळवणारा तू पहिलाच. मरेने तिथल्या तिथे आठवण करून दिली की व्हीनस आणि सेरेना विल्यम्स यांच्याकडे प्रत्येकी चारेक आहेत. खेळाडूला माहीत होतं. माहिती पुरवणं हेच ज्याचं काम, त्याला सुचलं नाही. ॲपच्या शोधखिडकीचं नेमकं हेच आहे, आणि ते दुरुस्त करायला प्रेक्षकसंख्या वाढायची वाट पाहावी लागत नाही.

मथळ्यांमध्ये मात्र सुधारणा आहे, ती प्रामाणिकपणे नोंदवते. त्याच रिओमध्ये अमेरिकेच्या कोरी कॉगडेलने नेमबाजीत कांस्य मिळवलं तेव्हा एका मोठ्या दैनिकाने तिची ओळख अमुक फुटबॉलपटूची बायको अशी करून दिली होती, नाव न घेता. हंगेरीच्या काटिंका होसूने पोहण्यात जागतिक विक्रम केला तेव्हा समालोचकाने श्रेय तिच्या नवऱ्याला, म्हणजे प्रशिक्षकाला देऊन टाकलं. असलं काही या ॲपवर मला दिसलेलं नाही. ऑलिंपिक समितीने २०१८ मध्ये खेळाडूंच्या चित्रणासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि पॅरिसच्या वेळी ऑलिंपिकच्या प्रक्षेपण संस्थेने कॅमेऱ्यामागच्या लोकांना स्पष्ट सांगितलं की स्त्री-पुरुष खेळाडूंचं चित्रण एकाच पद्धतीने करा. प्रक्षेपणात त्याचा फरक जाणवला. फोटोंच्या विभागात अजून नाही. तिथे बीच व्हॉलीबॉलचे फोटो कुठल्या हिशेबाने निवडतात ते कोणालाही समजेल.

मी कंपनीला हे सगळं लिहून कळवलं. उत्तर सभ्य होतं: होम स्क्रीन प्रेक्षकांच्या आवडीनुसार आपोआप ठरते, महिलांचे आणि इतर खेळ पाहणारे तुलनेने कमी आहेत. हे उत्तर मला पटत नाही. १९२० मध्ये नाताळच्या दुसऱ्या दिवशी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर ‘डिक, कर लेडीज’ या महिला संघाचा सामना पाहायला ५३ हजार लोक आले होते. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या मैदानांवर महिलांना बंदी घातली आणि ती जवळपास पन्नास वर्षं टिकली. लोक नव्हते म्हणून मैदान बंद झालं नाही. २०२२ मध्ये बार्सिलोनाच्या महिलांचा सामना पाहायला काम्प नोऊ मैदानावर ९१ हजारांहून जास्त लोक होते. २०२४ मध्ये अमेरिकन विद्यापीठांच्या बास्केटबॉलची महिलांची अंतिम लढत सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिली, पुरुषांची १ कोटी ४८ लाखांनी. त्या मोसमात आयोवा विद्यापीठाच्या केटलिन क्लार्कचा प्रत्येक सामना, प्रत्येक विक्रम आठवडे आधीपासून चर्चेत ठेवला गेला होता. मधले दिवस भरले, मग शेवटच्या दिवशी लोक आले.

या ॲपनेही एकदा हे करून दाखवलंय. जून २०२५ मध्ये किपयेगॉनने चार मिनिटांच्या आत एक मैल धावण्याचा प्रयत्न केला. तो नाइकीने उभा केलेला प्रकल्प होता, त्यामुळे प्रसिद्धीला तोटा नव्हता. ॲपवर कित्येक दिवस आधीपासून लेख: पेसर, म्हणजे वेग राखून देणारे सोबती, कसे उभे राहतील, हवेचा विरोध कसा कमी करतील, बूट, पोशाख, फेरीमागे किती सेकंद हवेत. माझ्या मुली, ज्या एरवी मैल शर्यतीकडे ढुंकून बघत नाहीत, सरावाला येऊन फेऱ्यांचा हिशेब करायला लागल्या. त्या संध्याकाळी सगळ्या टॅबलेटला चिकटून होत्या. ४ मिनिटं ६.४२ सेकंद. चारच्या आत नाही आलं, तरी कोणी उठली नाही. ती शेवटच्या फेरीत कुठे मागे पडली यावर भांडण जुंपलं. आणि दीडच आठवड्यात, ५ जुलैला, अमेरिकेतल्या यूजीनमध्ये त्याच किपयेगॉनने १५०० मीटर ३ मिनिटं ४८.६८ सेकंदांत धावून खराखुरा, अधिकृत जागतिक विक्रम केला. त्याच स्पर्धेत बिआत्रिस चेबेट ५००० मीटर १४ मिनिटांच्या आत धावणारी जगातली पहिली स्त्री ठरली. ॲपवर दोन्ही मिळून एक छोटी बातमी. तिथे प्रायोजकाची मोहीम नव्हती.

घ्यायचं असेल तर काही व्यवहाराच्या गोष्टी सांगते. ‘तुमच्यासाठी’ हा विभाग सेटिंगमध्ये जाऊन बंद करा आणि ‘सर्व खेळ’ यादीतून आपला खेळ वर आणून ठेवा. मग होम स्क्रीन थोडी तरी आपली होते. सूचना खेळाच्या नावाने नव्हे, स्पर्धेच्या नावाने चालू करा, त्या जास्त भरवशाच्या आहेत. हायलाइट्सवर विसंबू नका. पूर्ण फीड काही दिवसांनी काढून टाकतात, म्हणून हवा तो भाग लगेच पाहून घ्या. वेळापत्रकात महिलांच्या स्पर्धा वेगळ्या टॅबमध्ये आहेत आणि तो टॅब उजवीकडे सरकवल्याशिवाय दिसत नाही, हेही लक्षात ठेवा.

थेट प्रक्षेपणाला माझ्याकडून पाचपैकी पाच, बातम्यांना दोन, आकडेवारीला एक. वार्षिक सबस्क्रिप्शन मी पुढे चालू ठेवणार नाही. मे ते सप्टेंबर, ॲथलेटिक्सचा हंगाम असेल तेवढेच महिने घेईन, आणि नूतनीकरण का केलं नाही असं विचारणाऱ्या चौकटीत वर लिहिलेलं सगळं पुन्हा लिहीन, बेलिंडा क्लार्कच्या नाबाद २२९ सकट.